ड्रॉवरमधलं पहिलं पान

आमच्या घरात मी खोट्या रडण्यासाठी प्रसिद्ध आहे. कुणाचा मोबाईल पडून फुटला, कढी फुटली, नातवाची टीम हरली, की मला बोलावणं येतं. मी पदर तोंडाशी धरते आणि खेड्यात बाया मयताला काढतात तसा लांबच लांब हेल काढते. "अरं माझ्या वाघा, अजून दोन ओव्हर तरी खेळायचं होतंस रं..." सगळी पोट धरून हसतात. सासष्ट वर्षांच्या बाईला याहून जास्त मान कुठं मिळतो?

मागच्या महिन्यात सूनबाई संध्याकाळी दमून आली. ती सरकारी शाळेत शिक्षिका आहे आणि त्यांचा संप चालू होता. त्यांच्या संघटनेचे जुने पुढारी निम्म्या मागण्यांवर तयार झाले होते, म्हणून मोबाईलच्या ग्रुपवर त्यांना गद्दार ठरवून मंडळी मोकळी झाली होती. दुसऱ्या दिवशी क्रांती चौकात त्यांची तिरडी काढायचं ठरलं होतं. खोटी तिरडी, खोटं मयत. सूनबाई चहाचा कप माझ्यापुढं ठेवून म्हणाली, "आई, तुम्ही पण चला ना. तुमच्यासारखं रडायला कुणालाच येत नाही. व्हिडिओ लई चालंल."

मी गुडघे दुखतात म्हणून सांगितलं. गुडघे दुखतातच, खोटं नाही. पण त्या दिवशी कारण गुडघे नव्हते. हे रडणं मी एकदा भर रस्त्यात, पाच-पन्नास माणसांपुढं केलंय. त्यानंतर ते घरात आणून त्याची गंमत करून टाकली, म्हणजे कुणी मुद्दाम त्याबद्दल विचारू नये.

मी एका सरकारी ऑफिसात कारकून होते. खात्याचं नाव सांगत नाही, पेन्शन अजून तिथूनच येते. आमच्या युनियनचे पुढारी होते अण्णा. बारीक अंगाचे, खांद्याला नायलॉनची पिशवी, चष्म्याच्या एका दांडीला दोरा गुंडाळलेला. जेवणाच्या सुट्टीत गेटवर सभा घेत तेव्हा त्यांचा आवाज पार पेट्रोल पंपापर्यंत जायचा. साहेबाचं नाव घेऊन घेऊन त्याची सालं काढायचे. सभा संपली की पिशवी सावरत मागच्या दारानं त्याच साहेबाच्या केबिनमध्ये जायचे आणि दोघं एका किटलीतला चहा प्यायचे.

मी नोकरीला लागले तेव्हा हे बघून चक्रावले होते. युनियनचं निवेदन मीच टाईप करायची आणि त्याला साहेबाचं उत्तरही मीच. एकदा तर साहेबानं निवेदनाचा कच्चा कागद मागवून घेतला आणि अण्णांना म्हणाला की, तुमची तिसरी मागणी आधी घ्या, ती मला मान्य करता येते, वर पाठवताना बरं दिसतं. अण्णांनी क्रम बदलला. मी पुन्हा टाईप केलं. मग ते निवेदन घेऊन अण्णा पुढच्या दारानं घोषणा देत आत गेले आणि साहेबानं गंभीर तोंड करून ते स्वीकारलं. मला वाटलं, हे तर नाटक आहे. अण्णांना तसं बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "नाटक हायच की. पण पडदा पडल्यावर दोघांना एकाच गावात राहायचंय."

त्या नाटकातनंच माझ्या बाळंतपणाची अडलेली रजा मिळाली होती. लेक लहान असताना माझी झालेली बदलीही त्यातनंच थांबली. तेव्हा मला नाटक लई आवडलं होतं.

आता चितेगावची. आम्ही सगळे तिला चितेगावचीच म्हणायचो, तिकडून रोज काळीपिवळी जीपमध्ये दाटीवाटीनं बसून यायची म्हणून. धनगराची बाई, उंच, पायात जाड वाळे. ऑफिस झाडायचं, माठ भरायचे, फायली ह्या टेबलावरनं त्या टेबलावर न्यायच्या, चहा द्यायचा. अकरा वर्षं ती रोजंदारीवर होती. रोजंदारीच्या लोकांना दर तीन महिन्यांनी एक दिवस कामावरनं कमी करायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्यायचे, म्हणजे कागदावर नोकरी सलग दिसायला नको. त्या एका दिवसाला ऑफिसात खंड म्हणत. बाकीचे खंडाच्या दिवशी घरी राहायचे. चितेगावची यायची. आत पाऊल टाकायची नाही, गेटबाहेरच्या लिंबाखाली बसायची. माठ रिकामे झाले की कुणीतरी खिडकीतून हाक मारायचं आणि ती हजेरीत नसतानाही भरून द्यायची. तिला एकच गोष्ट हवी होती, खंड बंद व्हायला हवा होता. मला म्हणायची, "बाई, एकदा कायम झाले ना, की म्या एक दिवस खरीखुरी रजा घेणार. अर्ज देऊन. कारण बी लिहवून घेईन, घरगुती काम."

आणि आता मी. माझं वय तेव्हा बावन्न. बावन्नाव्या वर्षी माणूस पिकतं म्हणतात. मी नुसतीच चष्म्याचा नंबर वाढवून बसले होते. मला हेडक्लार्कची खुर्ची हवी होती. तिला हात होते. पाठीवर पांढरा टॉवेल होता. बसणारा माणूस रिटायर होणार होता आणि पुढचा नंबर माझा होता. आज लिहितानाही हसू येतं. मी दुपारी सगळे जेवायला गेले की त्या खुर्चीत दोन मिनिटं बसून बघायची. हात ठेवून बघायची. एकदा चितेगावचीनं पाहिलं तर तिनं उलट टॉवेल झटकून दिला.

त्या हिवाळ्यात आमचं आंदोलन सुरू झालं. आधी काळ्या फिती, मग लेखणीबंद, मग संपाची नोटीस. त्याच वर्षी ऑफिसात सगळ्यांच्या हातात व्हॉट्सअ‍ॅप आलं होतं. नव्या दमाच्या मंडळींनी ग्रुप काढला आणि गेटवरची सभा दिवसभर खिशात चालू राहायला लागली. मला त्यांनी ग्रुपची ॲडमिन केलं. बावन्न वर्षांच्या पोरीला ॲडमिन केल्यावर तिनं जमिनीवर चालायचं सोडून दिलं. अण्णांकडं साधा बटणांचा फोन होता. आम्ही काय लिहितो ते त्यांना दिसायचं नाही, आणि दिसत नाही म्हणून आम्ही लई धीटपणे लिहायचो.

अण्णा आणि साहेब तीन दिवस किटलीभर चहावर बसले. चौथ्या दिवशी अण्णांनी दोन पानांचा कच्चा मसुदा माझ्या टेबलावर ठेवला, स्वच्छ प्रत काढायला. पहिल्या पानावर रोजंदारीच्या लोकांची यादी होती. दर वर्षी पाच जण कायम करायचे, जुन्यापासून सुरुवात. अनुक्रमांक एकवर चितेगावचीचं नाव. समासात साहेबानं आपल्या हिरव्या शाईत शेरा मारला होता. दुसऱ्या पानावर त्या बदल्यात आम्ही कायमच्या लोकांनी काय सोडायचं ते होतं. मुख्य म्हणजे, पदोन्नत्या एक वर्ष थांबवायच्या.

एक वर्ष. बस. खुर्ची कुठं पळून जाणार नव्हती, तिला पाय होते पण ते लाकडी होते. पण मला वाटलं अण्णांनी माझ्या पाठीमागून टॉवेल ओढला. चितेगावची त्या वेळी माझ्या टेबलावर चहा ठेवत होती. तिनं विचारलं, "काय म्हणत्यात अण्णा, काही चांगलं हाय का?" मी म्हणाले, बघू.

मग मी मोबाईल काढला आणि दुसऱ्या पानाचा फोटो घेतला. दुसऱ्याच. पहिलं पान उचलून ड्रॉवरमध्ये ठेवलं, पंचिंग मशीनखाली. आजवर मी स्वतःला सांगत आले की घाईत राहून गेलं. ड्रॉवरला कुलूप लावलेलं मला नीट आठवतं. घाईतलं माणूस कुलूप लावत नाही.

फोटो ग्रुपवर गेला आणि तासाभरात ऑफिस पेटलं. अण्णा विकले गेले. चहावर विकले गेले. तडजोड म्हणजे गद्दारी, असं एकानं लिहिलं आणि बाकीच्यांनी तेच पुढं चिकटवलं. मी काही लिहिलं नाही, मी फक्त रडक्या चेहऱ्याचं चित्र टाकलं. त्यावरूनच कुणाला तरी तिरडीची कल्पना सुचली. रडायला बाई पाहिजे, आणि रडायला मी आहेच. ऑफिसच्या सहलीत मी करून दाखवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडववाल्याकडून बांबू आले. जुन्या शर्ट-पँटमध्ये जावक रजिस्टरांची रद्दी कोंबून अण्णा तयार झाले. तारेचा चष्मा केला आणि एका दांडीला दोरा गुंडाळला. तो दोरा मीच गुंडाळला, नक्कल अगदी हुबेहूब व्हावी म्हणून. आता मडकं हवं होतं. मयतापुढं निखाऱ्याचं मडकं घेऊन चालतात ना, ते. एवढ्या सकाळी कुंभारवाड्यात कोण जाणार? तेवढ्यात चितेगावची काळीपिवळीतून उतरली. हातात मडकं, पिशवीत दोन गोवऱ्या. आदल्या दिवशी सगळे बोलत होते ते ऐकून घरून घेऊन आली होती. मला म्हणाली, "अण्णांनी आपल्याला फसवलं म्हणत्यात ना बाई? मग म्या बी येते."

मी काय करायला हवं होतं हे शेंबड्या पोरालाही कळेल. ड्रॉवर चार पावलांवर होता. मी म्हणाले, गोवरी नीट पेटव, धूर दिसला पाहिजे.

पोलिसांनी क्रांती चौकापर्यंत जायला परवानगी दिली नव्हती, म्हणून गेटपासून कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंतच मिरवणूक. मडकं कुणी धरायचं यावर जरा खळखळ झाली. ते मुलानं धरायचं असतं. मी म्हणाले, मी धरते. टाळ्या पडल्या. बाईनं मडकं धरलं, मोबाईल वर झाले. मी पुढं, मागं तिरडी, तिच्या मागं घोषणा. आणि मी हेल काढला. "अरं माझ्या वाघा, कसा गेलास रं... सायबाच्या चहात काय व्हतं रं..." लोक हसून हसून वाकले. मला आयुष्यात तेवढी दाद कधी मिळाली नव्हती. माझ्या शेजारी चितेगावची चालत होती, आणि ती हसत नव्हती. ती मन लावून घोषणा देत होती.

टपरीवर अण्णा बसले होते. त्यांच्या हातात ग्लास होता. तिरडी दिसली तसे ते उठले. पायातल्या चपला काढून बाजूला झाले आणि मयत जाताना माणूस हात जोडतो तसे त्यांनी हात जोडले. घोषणा जरा विस्कटल्या. मी त्यांच्यासमोर आले, तेव्हा मडकं कलंडलं होतं माझ्या हातात. ते हळूच म्हणाले, "मडकं सरळ धर पोरी. निखारा पायावर पडंल."

मी सरळ धरलं आणि पुढं गेले. रडणं थांबवलं नाही. थांबवलं असतं तर लोकांना काय वाटलं असतं!

अण्णांनी राजीनामा दिला. युनियनचा रबरी शिक्का आणि पावतीपुस्तकं द्यायला ते माझ्याच टेबलाशी आले, कारण नव्या मंडळींनी मला चिटणीस केलं होतं. पिशवीतून एकेक वस्तू काढून ठेवत ते म्हणाले, "मला दोन्ही पोरी. मडकं कोण धरणार म्हणून घरी काळजी असते. आता सांगतो, सोय झाली." मी हसले. खरंच हसले, मला वाटलं विनोदच करतायत. मग ते खाली वाकून, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "पहिलं पान हाय ना तुझ्याकडं? फाडू नको. साहेब उन्हाळ्यात बदलून जाणार. त्याच्या आधी ते हिरव्या शेऱ्याचं पान त्याच्यापुढं ठेव. आपलं जमलं नाही तरी त्या पाचांचं तो वेगळं वर पाठवील. बोललोय मी."

म्हणजे त्यांना माहीत होतं. फोटो एकाच पानाचा का, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नव्हतं.

मी पान नेलं नाही. नेलं असतं तर लोकांनी विचारलं असतं की हे पान तेव्हा कुठं होतं. रोज सकाळी ड्रॉवर उघडायचे, पंचिंग मशीन उचलायचे, पान आहे बघायचे, ठेवायचे. नवी मंडळी सगळ्या मागण्यांवर अडून राहिली. संप झाला आणि विझला, कुणाच्याच हाताला काही लागलं नाही. उन्हाळ्यात साहेबांची बदली झाली. त्यांच्या जागी आले ते चहा पीत नव्हते. काय असेल ते लेखी द्या आणि कोर्टात जा, म्हणाले. मग रोजंदारी बंद झाली, ठेकेदार आला. ठेकेदारानं चितेगावचीला निळा झगा घालायला देऊन दोन वर्षं ठेवलं आणि वय झालं म्हणून घरी बसवलं. शेवटच्या दिवशी तिनं सगळे कप धुतले, माझा तेवढा पुसून माझ्या टेबलावर पालथा ठेवला आणि "येते बाई" म्हणाली.

मी हेडक्लार्क झाले. खुर्चीचा डावा हात हलत होता. बाहेरून कधी लक्षातच आलं नव्हतं.

अण्णा तीन वर्षांपूर्वी गेले. मडकं त्यांच्या थोरल्या मुलीनं धरलं. मी गर्दीच्या मागं उभी होते. खरोखर रडायची वेळ होती आणि माझ्या गळ्यातून आवाज निघाला नाही.

तर मागच्या महिन्यात सूनबाई त्या तिरडीसाठी चौकात गेली आणि मी पैठण रोडच्या बसमध्ये बसले. पर्समध्ये ते पान होतं. रिटायर होताना मी ड्रॉवरमधून दोन वस्तू घरी आणल्या होत्या, देवीचा एक फोटो आणि हे.

चितेगाव आता ओळखू येत नाही, कंपन्याच कंपन्या. तिचं घर सापडायला दोन ठिकाणी विचारावं लागलं. ती अंगणात शेळीला पाला घालत होती. मला बघून तिनं आधी हात धुतले, मग खाट टाकली, मग घरात जाऊन चहा ठेवला. मी नको म्हणायच्या आत ठेवला. तशीच उंच, फक्त पाठीला बाक आलाय आणि वाळे पायात नाहीत. सून कंपनीत जाते म्हणाली, चार शेळ्या आहेत म्हणाली. मी सगळं विचारलं, गुडघ्यांचंसुद्धा. बोलायचं तेवढं सोडून सगळं बोलले. चहा संपल्यावर कप कुठं ठेवावा ते सुचेना, तेव्हा पर्स उघडली आणि पान तिच्या हातात दिलं.

तिला वाचता येत नाही, पण अकरा वर्षं मस्टरवर सही केली होती. बोट फिरवत पहिल्या ओळीवर थांबली. "हे माझं नाव."

मी सगळं सांगितलं. फोटो, ड्रॉवर, कुलूप. खुर्चीही सांगितली. ती शेळीकडं बघत ऐकत होती. माझं झाल्यावर म्हणाली, "अण्णांनी सांगितलं व्हतं मला, शिक्का देऊन गेले त्याच दिवशी. म्हणले, पान बाईकडं हाय. तिच्याशी भांडू नको, ती आपणहून काढंल. तिला तेवढा वेळ दे. म्हणून म्या थांबले. दोन खंड वाट बघितली बाई, साहेब जाईस्तोवर. रोज चहा ठेवताना वाटायचं, आज काढतील."

म्हणजे माझ्या आणि तिच्यामध्येही अण्णा एक तडजोड करून गेले होते. त्यातली तिची बाजू तिनं पाळली होती. मला तर त्या तडजोडीचा पत्ताही नव्हता, आणि असता तरी काय केलं असतं ते मला ठाऊक आहे.

मला वाटलं होतं ती बोलेल, शिव्या देईल. नाहीतर जाऊ द्या म्हणेल, मग मी डोळे पुसून घरी येईन. तिनं दोन्हीतलं काही केलं नाही. पान उन्हात धरून समासावर बोट ठेवलं. शाई पार उडालीय, नीट बघितलं तरच हिरवी दिसते.

"हे काय लिवलंय सायबानं?"

मी वाचून दाखवलं. "हरकत नाही."

तिनं समासावरचं बोट काढलं नाही. मग मला विचारलं, "मग हरकत कुणाची व्हती?"

"माझी," मी म्हणाले.

तिनं मान हलवली, कुणी पत्ता सांगितल्यावर हलवतात तशी. आत गेली. दारातून मला दिसत होतं. रेशनकार्ड आणि आधारकार्ड ठेवायची प्लॅस्टिकची पिशवी तिनं खुंटीवरून काढली, पान चार घड्या करून त्यात घातलं आणि पिशवी परत खुंटीला लावली. त्या कागदाचा आता काही उपयोग नाही हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. हेडक्लार्क होते ना मी. पण मिटलं.

बाहेर येऊन तिनं माझा कप उचलला आणि माझ्या बसची वेळ सांगितली.